आगंतुक पत्रांचे हसू

आगंतुक ई-पत्रांचा इतिहास ३ मे १९७८ पासून सांगतात. त्या दिवशी अमेरिकेत गॅरी थ्युअर्क या विक्री-अधिकाऱ्याने संगणकांच्या जाहिरातीचे एकच पत्र सुमारे ४०० जणांना धाडले.

पुढे याच वाटेने भामटेही आले. आमच्या मोखाड्याच्या युनियन-कचेरीतही त्यांची पत्रे येतात: ‘प्रिय लाभार्थी, आपले मृत काका आपणांस आनंदाने कोट्यवधी देत आहेत.’ आम्ही मोठ्याने वाचतो, बैठक हसते.

एकदा वीटभट्टीवरून परतलेला एक गडी मात्र हसला नाही. म्हणाला, “दादा, खरं असंल का? काका मेल्यावर देतो. आमचा शेठ जिता असून देत नाही.”

तेव्हा आम्हांस उमगले: हसणारा सुटतो, गरजवंत सापडतो. घामाचा पैसा वेळेवर हाती पडणे, हाच या भामटेगिरीवरचा खरा उतारा होय.