वर्कशॉप ते फॅब लॅब : महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाची एक जुनी संस्था १८५४ साली पुण्यात सुरू झाली. बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडविणाऱ्या या संस्थेच्या मूळ नावात ‘इंजिनीअरिंग क्लास’ आणि ‘मेकॅनिकल स्कूल’ हे दोन्ही शब्दप्रयोग होते. बुद्धी व हात यांची सांगड नावातच अभिप्रेत होती. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली. विद्यापीठीय अभ्यासक्रमात वर्कशॉप टिकले. परंतु फिटिंग वा सुतारकामाचा एकच ‘जॉब’ ठरावीक आराखड्यानुसार सर्व विद्यार्थी करू लागले. हात सरावले, मात्र काय घडवावे व का, हा निर्णय विद्यार्थ्याकडे उरला नाही.

पाबळचा प्रयोग : या उणिवेचे उत्तर विद्यापीठाबाहेर, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आढळते. डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात शाळा सोडलेली मुले गावाच्या गरजेची कामे करीत शिकू लागली. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत प्रा. नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ साली वस्तुनिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून फॅब लॅबची कल्पना आकारास आली. एमआयटीबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पाबळलाच उभी राहिली, कारण तेथे प्रश्न आधीच होते.

समारोप : केवळ यंत्रे खरेदी करून अशी जागा निर्माण होत नाही, स्थानिक प्रश्न हाच तिचा अभ्यासक्रम होय. जालना जिल्ह्यातील अंकुशनगरसारख्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गव्हाणीपासून बगॅसपर्यंत असे प्रश्न विपुल आहेत. गुण ‘जॉब’च्या अचूकतेला द्यावेत की प्रश्नाच्या निवडीलाही, हे अभ्यासमंडळांनी ठरवावयाचे आहे.