भाग 14 : फुकटचा दवाखाना आणि दगड

हा भाग ज्यांना कानाने ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' आलं होतं, तेवढं काढलंय. बाकी तसंच.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. वय 19, राहायला काळाचौकीत, कॉलेजला जायला रोज कॉटन ग्रीनहून हार्बर पकडतो. त्याने लिहिलं होतं, "दादा, झोप लागत नाही, अभ्यासात मन नाही. मित्र म्हणतो सरकारी ठिकाणी फुकट समुपदेशन मिळतं. पण फुकट म्हणजे कसं असणार? आणि चाळीतल्या कोणी पाहिलं तर?"

मी डॉक्टर नाही. पण हे दोन प्रश्न, 'फुकट म्हणजे कसं असणार' आणि 'कोणी पाहिलं तर', या भागात सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा विचारले गेलेत. आणि तेव्हा उत्तर दगडांनी दिलं गेलं होतं.

आधी जागा समजून घेऊ. कॉटन ग्रीनमधलं 'ग्रीन' म्हणजे रंग नाही, मैदान. पूर्वी फोर्टात टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गासड्या रचलेल्या असायच्या. मग तो बाजार कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने भराव घालून केलेल्या शिवडीकडच्या जमिनीवर आला. नाव मात्र गासड्यांबरोबर आलं. या कापसाचं सूत काढायला, कापड विणायला लालबाग-परळच्या गिरण्या, आणि गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेली पोरं. पोरंच म्हणायची. बऱ्याच जणांना मिसरूडही फुटलेलं नसायचं. एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपणार, खानावळीत जेवणार. आजारी पडलं की खोलीतले लोक बोटीचं नाहीतर गाडीचं तिकीट काढून देणार आणि गावाला पाठवणार. आरोग्य विमा म्हणा हवं तर.

आता 1896. सप्टेंबर महिन्यात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला : प्लेगचा संशय आला की रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवायचं. इस्पितळ कुठलं? आर्थर रोडचं, आजचं कस्तुरबा. कॉटन ग्रीनपासून फार लांब नाही.

उपचाराचे पैसे पडत नव्हते, तरी लोक घाबरले. कारण आत गेलेलं माणूस बरेचदा बाहेर येत नव्हतं. प्लेग होताच तसा, त्यावर तेव्हा औषधच नव्हतं. पण चाळीत दिसायचं काय? पोलीस येतात, उचलतात, आणि मग निरोप येतो. आत रोग्यांना मारतात अशी अफवा पसरली. 29 ऑक्टोबरला जवळपास हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला.

शाळेत आपल्याला हे 'अज्ञान' म्हणून शिकवतात. मला ते पटत नाही. अफवा खोटी होती, पण तिच्या मागचा हिशोब अगदी बिनडोक नव्हता. ज्या सरकारने तोवर चाळीत गटार नीट बांधलं नाही, ते आज एकदम दारात गाडी घेऊन का आलं, असं त्या पोरांनी विचारलं तर चुकलं काय? पुढे 1897 च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई गाव गाठायला निघून गेली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. हो, तोच, 2020 मध्ये कोविडला वापरलेला.

याच प्लेगमध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कोणी सांगत नाही. हळूहळू निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग इस्पितळं उघडली. प्लेग तोच, औषध तिथेही नव्हतं. पण दारात ओळखीचा माणूस, जेवण आपल्या पद्धतीचं, नातेवाइकांना आत येऊ देत. आणि लोक गेले. जातीच्या भिंती त्यातही होत्याच, त्याचं कौतुक नको. पण एक कळलं : माणूस औषधाआधी दारातला चेहरा बघतो.

हे नेमकं ओळखणारा माणूस पंधरा वर्षांनी परळच्या बाजूला आला. नारायण मल्हार जोशी. लोअर परळला उतरून ज्या ना. म. जोशी मार्गाने तुम्ही ऑफिसला जाता, तेच. रायगडातल्या गोरेगावचा जन्म, 1879 चा. पेशाने शिक्षक. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि 1911 मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. 1920 मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी करणाऱ्यांतही ते होते, त्यामुळे पुस्तकात नाव कामगार नेते म्हणून येतं. लीगचं काम मागे राहतं.

लीगने काय काय केलं बघा. रात्रशाळा. वाचनालयं. दवाखाने. पाळणाघरं. सहकारी पतपेढ्या, म्हणजे पठाणी व्याजातून सुटका. कोर्टात अडकलेल्यांना कायद्याचा सल्ला. व्यायामशाळा, मुलांचे क्लब, स्काउट पथकं, नाटकाचे प्रयोग. वस्तीतल्या लोकांना मोकळ्या हवेत नेणाऱ्या सहली!

दवाखान्याच्या यादीत नाटक आणि सहल कशाला, असं वाटेल. पण बारा-बारा तास साच्यावर उभा राहिलेला, गावापासून तुटलेला अठरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला 'तुला नैराश्य आहे का' असं विचारायला तेव्हा कोणी नव्हतं, आणि त्याच्याकडेही तो शब्द नव्हता. त्याला तालीम होती. नाटकातली छोटी भूमिका होती. रात्रशाळेत 'काल आला नाहीस, काय झालं रे?' असं विचारणारे मास्तर होते. 1922 मध्ये लीगचं दामोदर नाट्यगृह परळला उभं राहिलं आणि कामगार रंगभूमीच्या कितीतरी पिढ्या तिथे उभ्या राहिल्या. 2023 मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले. एका जुन्या हॉलसाठी एवढं कशाला, असं कमेंटमध्ये विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच होतं.

आता पटकन नागपाड्यात जाऊ, भायखळ्याच्या पलीकडे. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने 1920 च्या दशकात तिथे नेबरहूड हाऊस चालवायला घेतलं. शेजारघर म्हणू. कुठल्याही धर्माच्या पोराने यावं, खेळावं, शिकावं. नागपाड्याचं बास्केटबॉल आज देशभर माहीत आहे. पण मॅनशार्टना एक अडचण जाणवली : असं काम करायला नुसती दया पुरत नाही, शिकलेली माणसं लागतात. टाटांच्या ट्रस्टने पैसा दिला आणि 1936 मध्ये नागपाड्यातच समाजकार्याची शाळा सुरू झाली. पुढे तीच टिस, आता देवनारला असलेली. 1937 मध्ये या शाळेने मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढलं. देशातलं पहिलं मानलं जातं.

याच टिसमधून 1996 मध्ये 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन सुरू झाली. 2012 मध्ये आयकॉल, फोनवरचं समुपदेशन, तेही टिसचंच. 2014 मध्ये केंद्र सरकारने 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला. त्यातल्या क्लिनिकना आपल्याकडे नाव आहे 'मैत्री'. नाव ठेवणाऱ्याला दारातल्या चेहऱ्याचं महत्त्व कळलं असावं. आणि 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस, नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

म्हणजे फुकट हा शब्दच मला जरा खटकतो. तुमच्या आजोबा-पणजोबांनी साच्यावर काढलेल्या सुतातून या शहराच्या तिजोऱ्या भरल्या, त्यातूनच ट्रस्ट निघाले, इस्पितळं निघाली. आज तुम्ही चहा-बिस्किटावर कर भरता, त्यातून 14416 चालतो. उपकार कोणी कोणावर करत नाहीये.

दुसरा प्रश्न, कोणी पाहिलं तर, जास्त अवघड आहे. त्याचं उत्तर मला इतिहासात सापडलं नाही. चाळीत गुपित राहत नाही, हे मी पण चाळीतच शिकलोय. मी त्या मुलाला एवढंच लिहिलं की फोन गच्चीवरून करता येतो, आणि क्लिनिकमध्ये एकटं जायचं नसेल तर मी स्टेशनच्या बाहेर भेटतो.

चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी आलं : "गच्चीवर पतंगवाली पोरं असतात दादा. शनिवारी भेटू. किती वाजता?"