गिटारवादकाचा पहिला खर्ज

कोणत्याही मैफलीत श्रोत्यांचे लक्ष गवयाकडे असते. मागे बसलेल्या तंबोऱ्याकडे ते क्वचितच जाते. परंतु तंबोऱ्याची खर्जाची तार मध्येच उतरली, तर गाणाराचा गळा कितीही तयार असो, सारा डोलारा खचल्यासारखा वाटतो. पाश्चात्य वाद्यमेळालाही हाच न्याय लागू आहे. तेथे हे खर्जाचे काम ‘बेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्याकडे सोपविलेले असते, आणि ते वाजविणारा बहुधा मागच्या रांगेत उभा असतो.

गिटार हे वाद्य मुळात एकट्याने वाजविण्याचे, किंवा एखाद्या गळ्यास साथ करण्याचे. त्याच्या सहा तारांपैकी सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ८२ कंपने पावते. एका माणसाच्या गाण्यास एवढी खोली पुरते. पण तीनचार गिटारवादक एकत्र आले म्हणजे साऱ्यांचे सूर एकाच मजल्यावर गर्दी करतात आणि तळमजला रिकामा राहतो. मग त्यांपैकी एकाला एक सप्तक खाली उतरणे भाग पडते. कोणी उतरावे, आणि कोणते वाद्य हाती घेऊन उतरावे, या प्रश्नाने गिटारवादकांना व वाद्ये घडविणारांना शंभराहून अधिक वर्षे गुंतवून ठेवले आहे.

प्रश्न दिसतो तितका सोपा का नाही, हे समजण्यासाठी तारेचा स्वभाव ध्यानात घ्यावयास पाहिजे. फ्रान्समधील मॅरँ मेर्सेन या संन्यस्त विद्वानाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेच्या कंपनांचे नियम मांडले. त्यांचे तात्पर्य असे की, सूर एक सप्तक खाली आणावयाचा तर तारेची लांबी दुप्पट करावी, अथवा लांबी तीच ठेवून तिचे वजन चौपट करावे, अथवा तिचा ताण चतुर्थांशावर आणावा. तिन्ही उपायांना आपापला दंड आहे. तार लांब केली तर बोटे पुरत नाहीत. फार जड केली तर नाद बोथट होतो. ढिली सोडली तर ती पडद्यांवर खडखडू लागते. शिवाय सूर उत्पन्न होऊनही भागत नाही, तो ऐकू जावयास पाहिजे. बेसची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या सुराची लाट हवेत आठ मीटरांहूनही लांब असते. लहानशा पेटीला एवढी लाट हलविणे कठीण, आणि मनुष्याचा कानही अशा खोल सुरांना मंदच प्रतिसाद देतो. आकार, आवाज आणि वादकाची सोय या तिघांचे एकमेकांशी असे वैर आहे. खर्जाच्या वाद्यांचा इतिहास म्हणजे या तिघांत तह घडवून आणण्याचा इतिहास होय.

युरोपीय वाद्यवृंदाने या तहात सोयीचा बळी दिला. डबल बेस हे वाद्य माणसाहून उंच. त्याच्या तारा एक मीटरहून अधिक लांब, घोडी उंच, आणि दांडीवर पडदे नाहीत. ते उभे राहून, गजाने किंवा बोटांनी वाजवावयाचे. गिटारवादकास हे वाद्य परके का वाटते, हे एका मापावरून कळून येईल. गिटारवर मेरूपासून पहिला अर्धस्वर सुमारे साडेतीन सेंटिमीटरांवर असतो. डबल बेसवर तो जवळजवळ सहा सेंटिमीटरांवर जातो. तेथे बोट कोठे ठेवावयाचे हे सांगणारा पडदाही नसतो. कान आणि सवय हेच दोन पंतोजी. वर्षानुवर्षे पडद्यांच्या आधाराने वाढलेल्या हाताला ही शाळा नव्याने गिरवावी लागते.

म्हणून पडदे कायम ठेवून खर्ज मिळविता येईल काय, असा विचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाला. त्या काळी तेथे मँडोलिनच्या वाद्यमेळांचा मोठा शौक होता. मिशिगन प्रांतातील कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीने या मेळांसाठी १९१२ च्या सुमारास एक प्रचंड चार तारांचा ‘मँडो-बेस’ काढला. त्याला पडदे होते, तारा डबल बेसप्रमाणेच मिळविलेल्या होत्या, आणि तो जमिनीवर टेकून वाजवावा लागे. गिटार किंवा मँडोलिन येणाऱ्या माणसाला सूर सापडण्याची अडचण त्याने दूर केली. परंतु वाहून नेण्याची अडचण मात्र जशीच्या तशी राहिली. मँडोलिनचा शौक ओसरला, तसा १९३० च्या सुमारास हा अवाढव्य मँडो-बेसही मागे पडला.

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर मेक्सिकोच्या लोकसंगीताने शोधून काढले. मारियाची नावाच्या गायक-वादकांच्या ताफ्यांत ‘गितार्रोन’ हे वाद्य असते. त्याची दांडी आखूड, पाठ फुगीर, पोट मोठे आणि वजन आकाराच्या मानाने हलके. ते गळ्यात अडकवून चालता चालताही वाजविता येते. आवाज कमी पडू नये म्हणून वादकाने एक युक्ती योजिली आहे : तो बहुधा एकच तार न छेडता एका सप्तकाच्या अंतरावरील दोन तारा एकदम ओढतो. खालच्या सुरास वरच्या सुराचा हात मिळतो आणि उघड्या चौकातही तो ऐकू येतो. मारियाचीतून हार्प या वाद्यास मागे सारून खर्जाची जागा या वाद्याने पटकाविली, ती या गुणांमुळेच.

यानंतर विजेचे युग आले. सिएटल शहरातील पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास गिटारप्रमाणे आडवा धरून वाजविण्याचा, भरीव लाकडाचा आणि विजेवर चालणारा बेस तयार केला. पण त्याचा प्रसार फारसा झाला नाही. तो मान लिओ फेंडर यांच्याकडे गेला. कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावी १९३८ पासून त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ते स्वतः वादक नव्हते. परंतु वादकांच्या अडचणी त्यांच्या कानांवर पडत असत. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ विक्रीस काढला. त्यावर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो, हेच त्या नावाने सुचविले होते. तारांची लांबी त्यांनी ३४ इंच ठेविली : गिटारच्या साडेपंचवीस इंचांहून अधिक, पण डबल बेसहून पुष्कळच कमी. पेटी पोकळ ठेवण्याची गरज उरली नाही, कारण आवाज मोठा करण्याचे काम ध्वनिवर्धकाने पत्करले. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक मॉन्टगोमेरी हे नवे वाद्य घेऊन उभे राहू लागले, तेव्हा डबल बेसची सद्दी आता निर्वेध राहिली नाही, हे जाणत्यांनी ओळखले.

या घटनेचे परिणाम दूरवर पोचले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकून मुंबईस आलेल्या अनेक वादकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रंपेट, डबल बेस इत्यादी वाद्ये वाजविली. पुढे त्याच ध्वनिमुद्रणगृहांत विजेच्या बेस गिटारने प्रवेश केला, आणि राहुलदेव बर्मन यांच्या १९७० नंतरच्या कित्येक गाण्यांत तर ती उघडपणे पुढे येऊन बोलू लागली.

गिटारवादकाने पहिला बेस निवडण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९६१ साली जर्मनीतील हँबुर्ग येथे घडला. बीटल्स या मंडळीत बेस वाजविणारे स्टुअर्ट सटक्लिफ यांनी चित्रकलेकडे वळण्यासाठी संच सोडला. इतर गिटारवादकांना ही जागा फारशी हवी होती असे नाही. अखेर ती पॉल मॅकार्टनी यांच्याकडे आली. फेंडरचे वाद्य त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. त्यांनी ह्योफ्नर या जर्मन कंपनीचा, व्हायोलिनच्या आकाराचा बेस सुमारे ३० पौंडांस घेतला. ते डावखुरे होते, आणि या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने ते उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. वाद्य आतून पोकळ, म्हणून वजनाला हलके. तारांची लांबी ३० इंच, म्हणून गिटारच्या सवयीच्या हाताला सोईची. हा पहिला बेस १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेला, आणि अर्ध्या शतकानंतर तो मालकास परत मिळाल्याची वार्ता २०२४ साली जाहीर झाली. या निवडीत नवल वाटावे अशी गोष्ट ही की, किंमत, वजन आणि हाताची ठेवण एवढ्या साध्या कारणांनी घेतलेल्या वाद्यातून त्या युगाचे कित्येक अविस्मरणीय खर्ज निघाले.

परंतु विजेने एक प्रश्न सोडविताना दुसरा उभा केला. साध्या, लाकडी आवाजाच्या गिटारी मांडून बसलेल्या मंडळीत विजेचा बेस ऐकला, तर तो निराळ्या घरातून आल्यासारखा वाटतो. ही विसंगती अर्नी बॉल यांना खटकली. ते स्वतः गिटारवादक, आणि तारांच्या व्यापारात नाव मिळविलेले. विजेच्या गिटारीस विजेचा बेस असतो, तर साध्या गिटारीस साधा बेस का नसावा, असा त्यांचा सरळ सवाल होता. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील तिहुआना येथून त्यांनी एक गितार्रोन आणला आणि त्याच्यावर प्रयोग आरंभिले. फेंडर यांचे जुने सहकारी जॉर्ज फुलरटन यांच्या साहाय्याने १९७२ साली त्यांनी ‘अर्थवुड’ नावाचा बेस बाजारात आणला. त्याची पेटी इतकी रुंद आणि खोल होती की, बसून वाजविणारास ती कवेत घेताना कष्ट पडत. पण ध्वनिवर्धकावाचून ऐकू जाण्यास तिचा तोच आकार कारण होता. दोन वर्षांनी उत्पादन थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि १९८५ साली कायमचे बंद पडले.

वाद्य बंद पडले तरी कल्पना राहिली. मिल्वॉकी शहरातील रस्त्यांवर गाणाऱ्या ‘व्हायोलंट फेम्स’ या त्रिकुटातील ब्रायन रिची यांनी १९८३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत असाच बेस वाजवून दाखविला. १९८९ साली अमेरिकेतील एमटीव्ही या दूरचित्रवाणीवर ‘अनप्लग्ड’ ही मालिका सुरू झाली, आणि विजेच्या गोंगाटातून बाहेर पडून साध्या वाद्यांवर गाण्याची एक लाटच आली. मागणी वाढताच पुष्कळ कारखान्यांनी असे बेस काढले. मात्र ते अर्थवुडहून लहान व सुबक केले. येथे जुने वैर पुन्हा जागे झाले. पेटी लहान झाल्याबरोबर खालचा मूळ सूर क्षीण होतो. कान त्याच्या वरच्या सहस्वरांवरून त्याचा अदमास बांधतो. खोलीत एकट्याने वाजविताना हा अदमास गोड वाटतो. समोर दोन जोरदार गिटारी आल्या की तो बुडून जातो. म्हणूनच यांतील बहुतेक वाद्यांच्या घोडीखाली कंपने टिपणारे विजेचे साधन बसविलेले असते. साधेपणाचा आव आणणाऱ्या वाद्यास अखेर विजेची तार जोडावी लागते, हा या कथेतील विनोद होय.

आज एखादा गिटारवादक पहिला लाकडी बेस घ्यावयास निघाला, तर या इतिहासाने त्याच्यासाठी चार कसोट्या तयार ठेविल्या आहेत. पहिली, वाद्य दुकानात एकट्याने वाजवून पाहू नये. बरोबर एक गिटारवाला न्यावा, त्याला नेहमीच्या जोराने वाजवावयास सांगावे, आणि स्वतःचा सूर त्यातून उमटतो की नाही हे दूर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसास विचारावे. दुसरी, तारांची लांबी हाताशी ताडून पाहावी : ३० इंचांत बोटांना विसावा मिळतो, ३४ इंचांत तार अधिक ताठ राहते व सूर अधिक स्पष्ट निघतो. तिसरी, तारा दांडीपासून किती उंच आहेत हे पाहावे. फार उंच असतील तर हात लवकर थकतो, फार खाली असतील तर जोराने छेडताच त्या पडद्यांवर आपटतात. चौथी कसोटी उपयोगाची. घरात सराव आणि दोघांची मैफल एवढेच करावयाचे असेल, तर लाकडी बेस पुरेल. ढोलांसमवेत सभागृहात उभे राहावयाचे असेल, तर विजेचे साधन असलेले वाद्य किंवा सरळ विजेचा बेसच घेणे शहाणपणाचे.

बेसच्या चार तारांची नावे गिटारच्या खालच्या चार तारांचीच असतात. फक्त त्या एक सप्तक खाली असतात. ही ओळखच गिटारवादकास फसविते. आपल्याला वाद्य येते अशा समजुतीने तो खर्जात गिटारचीच भाषा बोलू लागतो, जागा भरीत सुटतो, आणि गाण्याचा पाया हलतो. भारतीय संगीतातही सतारीचे थोरले भावंड सुरबहार हे आहे. अन्नपूर्णादेवी यांनी वडील अल्लाउद्दीन खाँ यांच्यापाशी प्रथम सतार शिकली आणि मग त्यांच्याच आज्ञेने सुरबहार हाती घेतला. मोठा भोपळा, जाड तारा आणि लांब मिंड यांमुळे त्यावर आलापाची संथ चाल शोभते. सतारीची चपळाई तेथे आपसूक मागे राहते. मुंबईत २०१८ साली निधन होईपर्यंत त्या जाहीर मैफलींपासून दूर राहिल्या. पण जाणकारांत त्यांच्या सुरबहाराचे नाव आदराने घेतले जाते.

खाली उतरणाऱ्या गिटारवादकास वाद्याबरोबर हा स्वभावही निवडावा लागतो. कमी सूर, परंतु नेमक्या क्षणी. आणि एक सूर छेडून झाल्यावर तो वेळेवर मिटविण्याची काळजी, कारण खर्जाचा सूर रेंगाळला तर पुढच्याशी गुंतून चिखल होतो. ही तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याला स्वस्तातला बेसही साथ देतो. ज्याच्यापाशी नाही, त्याला कॅलामाझूच्या मँडो-बेसएवढी मोठी पेटी मिळाली तरी ती अपुरीच पडावयाची.