निव्वळ कर्जे व भाडेपट्टे, बँकांचे

बँकेला येणे असलेल्या एकूण कर्जांतून व भाडेपट्ट्यांतून संभाव्य बुडितासाठी केलेली तरतूद वजा केल्यावर उरणारे मूल्य. ठेवीदारांची देणी मुख्यतः याच मत्तेतून भागावयाची असल्याने बँकेच्या ताळेबंदात तिला विशेष महत्त्व असते. वित्तीय भाडेपट्ट्यात यंत्राची मालकी बँकेकडे राहते. तथापि हप्त्यांतून किंमत व व्याज वसूल होत असल्याने हिशेबात तो कर्जाप्रमाणेच धरतात. भारतातील बँकांना हा व्यवसाय १९८४ पासून दुय्यम कंपन्यांमार्फत व १९९४ पासून थेट करण्याची मुभा मिळाली.

काळेवाडी-पिंपरी परिसराच्या उदाहरणाने ही कल्पना स्पष्ट होते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर औद्योगिक वाढीस वेग आला. मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योजक यंत्रांसाठी कर्ज काढतात. मागणी घटली की त्यांचे हप्ते थकतात. समजा, एखाद्या बँकेची कर्जे १०० कोटी रु. व स्वतःचे भांडवल ५ कोटी रु. असून ६ कोटींची कर्जे थकली आहेत. १५ टक्के तरतूद केल्यास निव्वळ कर्जे ९९·१० कोटी दिसतात; ती सर्व बुडीत ठरल्यास ९४ कोटीच उरतात. म्हणजे भांडवल संपून ठेवींनाच झळ पोहोचते.

म्हणूनच तरतूद कोणी व कशी ठरवावी, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. १९४९ च्या बँकिंग विनियमन कायद्याखालील जुन्या ताळेबंदात तरतुदीची रक्कम स्वतंत्रपणे उघड होत नसे. १९८५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांचे आठ वर्ग पाडले. पण न मिळालेले व्याजही पुष्कळदा उत्पन्नात धरले जाई. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर (१९९१) रिझर्व्ह बँकेने १९९२ मध्ये उत्तम, दुय्यम, संशयित व बुडीत असे वर्ग आणि त्यांनुसार तरतुदीचे नियम ठरविले. थकबाकीची मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन मार्च २००४ पासून ती ९० दिवस झाली. नागरी सहकारी बँकांनाही असे नियम लागू झाले.

तथापि नोंदीच खोट्या असल्यास नियम निष्फळ ठरतात. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे लपविल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाला. पुरेसे भांडवल व कमाईची शक्यता नसणे, हे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्यात आली होती. त्यापलीकडील रकमेची परतफेड मात्र बँकेच्या प्रत्यक्ष वसुलीवरच अवलंबून राहते. त्यामुळे निव्वळ कर्जांचा आकडा एकूण कर्जे, थकीत कर्जे व तरतूद यांच्यासह वाचणे आवश्यक ठरते.