ओझ्यानं वाकलेली राजदूत

परवा आबांची राजदूत गारगोटीतल्या मिस्त्रींकडे नेली. मागची फ्रेम खाली बसलेली, चाक डावीकडं कललेलं. म्हटलं, कुठंतरी धडकली असणार. मिस्त्री हसले.

"धडकंनं पाइप एका जागी मुडपतो. ह्यो सगळा हळूहळू वाकलाय. वज्ज्यानं."

ओझं दुधाचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली राजदूत आणली. १९६३ साली आपल्या जिल्हा दूध संघाची, म्हणजे 'गोकुळ'ची स्थापना झाली. दोघं जवळपास एका वयाचे! वेदगंगेकाठच्या वाड्यांवरून आबा दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचा एकेक कॅन अडकवून यायचे. भरलेले दोन कॅन म्हणजे ऐंशी किलोच्या वर, आणि शिवाय आबा.

चाक, सीट उतरवून मिस्त्रींनी पुढून मागं सुतळी ताणली. दोन्हीकडच्या शॉकॉपच्या बोल्टांपर्यंतचं अंतर मोजलं. पाऊण इंचाचा फरक! मग गॅसवर पाइप लालसर तापवून जॅकनं थोडा थोडा उचलला. मी पाण्याचा मग घेऊन पुढं झालो तर ओरडलेच. एकदम थंड केला की पाइप ठिसूळ होतो, आपसूक निवू द्यायचा.

निवेपर्यंत बसून राहिलो. कोल्हापुरात शिकत होतो तेव्हा मेसचे पैसे कधी चुकले नाहीत. ते कशावर लादून येतात, हे विचारलं मात्र नव्हतं.

फ्रेम सरळ झाली. कॅन घासून पडलेल्या खुणांवर रंग मारू का, असं मिस्त्री विचारतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.