इंग्रजी क्रियापदांची अनेकार्थता आणि चिनी अध्येते : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
'गेट' हे इंग्रजीतील अत्यंत साधे भासणारे क्रियापद होय. पत्र मिळणे, घरी पोहोचणे, रागावणे, मर्म समजणे या सर्व अर्थांसाठी इंग्रजी भाषक ते वापरतो. चिनी भाषेत मात्र पत्रासाठी 'शोउदाओ', पोहोचण्यासाठी 'दाओ', रागावण्यासाठी 'शंगछी' आणि समजण्यासाठी 'दोंग' असे स्वतंत्र शब्द योजावे लागतात. 'गेट' म्हणजे केवळ 'ददाओ', अर्थात प्राप्त करणे, एवढेच पाठ केलेला विद्यार्थी म्हणूनच अडखळतो. या अडचणीला दीर्घ इतिहास आहे.

कँटनची व्यापारी बोली :
इ. स. १७५७ नंतर पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन बंदरापुरता मर्यादित करण्यात आला. परकीयांना चिनी भाषा शिकविण्यास तेथील प्रजाजनांना मनाई होती. या परिस्थितीत पिजिन इंग्रजी रूढ झाली. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी लिपीत देणाऱ्या छोट्या पुस्तिका व्यापाऱ्यांच्या हाती असत. या बोलीत 'कॅच'पासून बनलेले 'कॅची' हे क्रियापद मिळविणे, आणणे, विकत घेणे अशा अनेक अर्थांनी वापरले जाई. युरोपियनांनी तिला मोडकी भाषा म्हणून हिणवले. परंतु चिनी व्यापाऱ्यांनी अनेकार्थता टाळली नव्हती, तर आपल्या सोयीच्या क्रियापदावर ती सोपविली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कोश, तह आणि शिक्षण :
रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये चीनमध्ये आला. त्याच्या कोशाचा इंग्रजी-चिनी भाग १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८५८ च्या तिएनत्सिन तहाच्या ५० व्या कलमाने, अर्थभेद झाल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरावा, असे ठरविले. परिणामी इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ जाणणे हा राज्याच्या हिताचा प्रश्न बनला. १८६२ मध्ये पेकिंग येथे 'तोंगवनग्वान' ही भाषाशाळा स्थापन झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

१८९७ मध्ये शांघाय येथे स्थापन झालेल्या कमर्शियल प्रेसने पुढील वर्षी 'ह्वायिंग छूज्ये' हे प्रवेशपुस्तक काढले. विशेष म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातील शाळकरी मुलांसाठी तयार झालेल्या इंग्रजी वाचनमालेवर ते आधारलेले होते. शिए होंगलाय यांनी त्यास चिनी भाषांतर व टिपा जोडल्या. शब्दासमोर केवळ प्रतिशब्द न देता संपूर्ण वाक्याचा अर्थ स्वभाषेतून देण्याची सोय त्यामुळे विद्यार्थ्यास लाभली.

निष्कर्ष :
बाजारातील देवघेवीस एका शब्दास एक प्रतिशब्द पुरेसा ठरला, तरी तहाच्या मसुद्यास तो पुरत नाही. क्रियापदाचा अर्थ त्याच्या कर्मावरून व संदर्भावरून ठरतो. मराठीतही 'लागणे' या एका क्रियापदाने भूक लागते, ठेच लागते आणि दिवाही लागतो. त्यामुळे चिनी अध्येत्याची अडचण ही त्याच्या बुद्धीची उणीव नसून दोन भाषांनी अनुभवाची केलेली भिन्न विभागणी आहे, असेच म्हणावे लागते.