हायकू : पाहण्याची साधना

हायकू हा अवघ्या सतरा ध्वनींचा जपानी काव्यप्रकार. पाच, सात, पाच हा त्याचा परंपरागत बंध. अनेक कवींनी मिळून गुंफलेल्या साखळी-काव्याचे पहिले कडवे म्हणजे 'होक्कू'. मात्सुओ बाशो (१६४४-१६९४) यांनी त्याला गांभीर्य दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी यांनी स्वतंत्र कविता म्हणून त्याला 'हायकू' हे नाव रूढ केले.

पारंपरिक हायकूत ऋतू सुचविणारा शब्द म्हणजे 'किगो' असतो. असे शब्द 'सैजिकी' या ऋतुकोशांत संग्रहित केलेले आढळतात. 'किरेजी' हा शब्द कवितेत क्षणभर विराम घडवितो. त्यामुळे दोन प्रतिमा शेजारी उभ्या राहतात; त्यांतील नाते वाचकाने शोधायचे असते.

ही कविता कल्पनेपेक्षा निरीक्षणावर उभी आहे. शिकींनी त्यासाठी 'शासेई', म्हणजे प्रत्यक्ष पाहून केलेले रेखाटन, हे तत्त्व मांडले. मणक्याच्या क्षयामुळे अखेरची वर्षे ते तोक्योतील घरी अंथरुणाला खिळून होते. वेदना असह्य होत्या; पाहायला उरली होती ती लहानशी बाग. तीच त्यांच्या कवितेचा विषय झाली. १८ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांनी अखेरचे तीन हायकू लिहिले. विषय होता घोसाळ्याचा वेल. त्याचा रस तेव्हा कफावर औषध म्हणून देत. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जपानमध्ये हायकूसाठी वही घेऊन फिरायला जाण्याची 'गिंको' ही प्रथा आहे. 'कुकाई' या बैठकीत कवीचे नाव न सांगता रचना मांडल्या जातात आणि उपस्थित त्यांतून निवड करतात. त्यामुळे नावाऐवजी शब्दांना दाद मिळते.

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय कवयित्री शिरीष पै (१९२९-२०१७) यांना दिले जाते. मात्र मराठी अक्षर आणि जपानी ध्वनी एकच नव्हेत. 'निप्पोन' या शब्दात मराठीप्रमाणे तीन अक्षरे, तर जपानीत चार ध्वनी मोजतात. म्हणून नवोदिताने अक्षरांच्या हिशेबात अडकू नये. रोज दहा मिनिटे एका जागी बसावे, दिसले-ऐकले ते वर्तमानकाळात टिपावे आणि 'सुंदर', 'उदास' यांसारखी विशेषणे खोडावीत. उरलेल्या तीन ओळींत तो क्षण दिसतो का, हे दुसऱ्या दिवशी वाचून ठरवावे.